एक जूनची पोरगी

४ मे

पत्रिका छापणारा आता वय विचारतो!

भोकरदनला गेल्ते बद्रीनाथासंगं, नातीच्या लग्नाच्या पत्रिका टाकायला. लेकाला एकट्याला पाठवलं की तो पहिलंच दाखवलेलं घेऊन येतो. भागचंद शेठचं दुकान. शेठ आता खुर्चीत नुसता बसून राहतो, काम सगळं त्याचा नातू अंकित बघतो. म्हणलं, दोनशे पत्रिका, लाल रंगात. तर हा विचारतो, 'आजी, नवरीच्या वयाचा पुरावा?'

म्हणलं, 'तू पत्रिका छापतो का लगीन लावतो?'

'नियम हाय आजी. अठरा पूर्ण नसलं आन् मी छापली, तर केस माझ्यावर बी.'

मागून शेठ म्हणाला, 'आमच्या टायमाला एकच गोष्ट विचारायचो, गणपती उजव्या सोंडेचा का डाव्या!'

मांडववाल्याला वय पाहिजे. आचाऱ्याला पाहिजे. भटजीला बी पाहिजे. बैल बाजारात न्यायचा तर कानात बिल्ला पाहिजे. राशनला अंगठा पाहिजे — आन् माझा अंगठा मिरच्या खुडून गुळगुळीत झालाय, मशीन म्हणती ही बाई ती बाई न्हाईच! घराला दोन पाट्या वाळू आणायची तर मोबाइलात पावती दाखवा. कायदे करणाऱ्यांना घरी कुणी काम सांगत न्हाई का? बसल्या बसल्या अजून एक, अजून एक.

बद्रीनाथाचं तोंड उतरलं. मंग मीच पिशवीतून शाळेचा दाखला काढला. सोबत आणलाच व्हता, मला ठाऊक हायेत ह्यांचे खेळ. जन्मतारीख एक जून. एक जूनला अठरा पूर्ण, लगीन दोन जूनला. अंकितनं दाखल्याचा फोटो काढला आन् गप छापायला घेतलं. एवढं मोठं सरकार, एका कागदानं गप! घरी येस्तोवर हसत आले.

५ मे

कागदावर अठरा. खरं सोळा आन् वर सहा महिने. हे मला ठाऊक, बद्रीनाथाला ठाऊक, सुनेला ठाऊक. बाकी कुणाला कशाला पाहिजे.

८ मे

लिहून ठेवते. हे कुणी वाचत न्हाई, पोरीच्या जुन्या वह्यांची मागची पानं हायेत.

पोरगी माझ्या हातावर झाली, दिवाळीच्या पाडव्याला. घरीच. दवाखाना न्हाई, नोंद न्हाई. बद्रीनाथ म्हणला उद्या करतो नोंद. त्याचा तो उद्या अजून आला न्हाई. नाव ठेवलं शिवकन्या. मी शिवी म्हणते. गल्लीत हाक मारली की नवा माणूस दचकतो.

साडेचार वर्षांची असंल. सर्जेराव मास्तर दारोदार फिरून राह्यले व्हते. म्हणले, 'कांताबाई, पटावर एकोणीस पोरं झाली. वीस पाहिजेत असा नियम हाय. एक कमी पडलं तर एक मास्तर जातो, आन् जाणारा मीच.' म्हणलं, मास्तर, तिला अजून चड्डीची नाडी बांधता येत न्हाई. म्हणले, 'ते मी बघतो.'

मला तर बरंच झालं! बद्रीनाथ आन् सून बेबीनंदा रानात. मी मजुरीनं मिरचीला. पोरगी ठेवायची कुठं? व्हय म्हणलं. मास्तरनं एक जून लिहिली, आन् साल असं लिहिलं की सहा बराबर भरावी. गावातली निम्मी माणसं एक जूनलाच जन्मलीत, मास्तर लोकांना ती तारीख सोपी पडती. मंग म्हणले अंगठा द्या. म्हणलं, अंगठा कशाला? सही करते. त्याच साली म्हाताऱ्यांच्या वर्गात अक्षरं गिरवून राह्यले व्हते, सहीची लई हौस.

माझी पहिली सही. खोट्यावर पडली.

११ मे

अनवरी आल्ती माप घ्यायला. गल्लीच्या टोकाला राहती, शिलाई करती, जीभ माझ्यासारखीच हाय म्हणून जमतं आमचं. शिवीला उभं केलं, खांद्याला टेप लावला. परत लावला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा लावला. मंग माझ्याकडं वळून म्हणली, 'आजी, ब्लाउज सीऊँ के फ्राक?'

मी हसले. शिवी हसली न्हाई.

'कागद पे कितने की है?'

'अठरा.'

'तो मेरी टेप झूटी है. फेक देती हूँ.' आन् खरंच गुंडाळून पिशवीत टाकला. माप वहीत लिहिलं न्हाई. जाताना चहा बी घेतला न्हाई.

१२ मे

हे एकदाच लिहिते.

माझं लगीन झालं तेव्हा मी तेराची. पंधराव्या वर्षी पहिलं पोर. दोन दिवस अडलं, मेलेलं निघालं. सतराव्या वर्षी दुसरं. तेव्हापासून माझं अंग बाहेर येतं, पिशवी उतरती. पन्नास वर्षं कापड बांधून मिरच्या खुडल्या, हंडे वाहिले, बसले उठले. कुणाला सांगितलं न्हाई. नवऱ्याला बी न्हाई. तो काय डाक्टर व्हता!

शिवीचा खांदा अनवरीच्या टेपात बाईचा भरत न्हाई.

बस.

१५ मे

सकाळी गच्चीवर कुरडया पालटत व्हतो, मी आन् शिवी. लग्नाच्याच कुरडया. विचारलं, 'शिवे, तुला जायचं हाय का?'

'कुठं?'

'बाजाराला! सासरी, अजून कुठं.'

'न्हाई.'

कसं म्हणली — एखादी जास्तीची पोळी नको म्हणावं तसं. म्हणलं, 'मंग तोंड कामून उघडलं न्हाई इतके दिवस?'

'मला विचारलं कुणी?' एक कुरडई पालटली. दुसरी पालटली. 'दाखला तूच दिला ना दुकानात. मला वाटलं तुला पाहिजे हे लगीन.'

दिला व्हताच.

मंग आपणहून बोलली. जालन्याला नर्सचं शिकायचं हाय, मैत्रिणीनं फॉर्मचं सांगितलंय. नवरदेव एकोणतीसचा. बघायला आल्ता तेव्हा एकच विचारलं म्हणे, पोहे येतात का. 'मी हो म्हणायच्या आधी आई म्हणली, येतात. आजे, मला पोहे येत न्हाईत.'

बारावी झाली तरी पोहे येत न्हाईत! ह्यावर मंग बोलू.

१६ मे

बद्रीनाथाला सांगितलं, लगीन पुढं ढकल. दोन वर्षं. पोरीला शिकू दे.

'माय, पत्रिका वाटल्या!'

'परत गोळा कर.'

'पाहुणे म्हणतात नुसती पोरगी द्या, बाकी सगळं आमचं. आठ एकर, विहिरीला पाणी. अशी जागा दोन वर्षं थांबती का? आन् रोज बसनं जालन्याला जाणार, लोक दहा तोंडांनी बोलणार, ते कोण ऐकणार?'

'सोळाची हाय ती.'

'तू कितीची व्हतीस? काय झालं तुला? चांगली खडखडीत तर हायेस!'

तिथंच सांगायला पाहिजे व्हतं. एवढी जीभ चालती माझी, सगळ्या गावाला पुरती. तिथंच अडकली.

१९ मे

पंचायतीत गेले. ग्रामसेवक साहेबराव, त्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात. आठवड्यातून दोनदा दिसतो. पोरींची लग्नं थांबवायचं काम त्याच्याकडंच हाय, तशी पाटी हाय भिंतीवर, फोन नंबर बी हाय, त्यातला मधला आकडा उडालाय. टेबलावर आमचीच लाल पत्रिका पडल्याली.

म्हणलं, भाऊसाहेब, हे लगीन थांबवा. पोरगी सोळाची हाय.

त्यानं मोबाइलात दाखल्याचा फोटो उघडला. बद्रीनाथानं आधीच पाठवला व्हता! 'आजी, ह्यावर तर एक जूनला अठरा पूर्ण.'

'ते खोटं हाय.'

'कशावरून?'

'मी केलं ना बाळंतपण! नाळ मी कापली.'

'त्याचा काही कागद?'

'नाळेचा कागद असतो का, भाऊसाहेब?'

हसला न्हाई. चांगला माणूस हाय तसा, घामाघूम झाल्ता बिचारा. म्हणला, शाळेचा दाखला असला की तोच धरायचा, असा नियम. म्हणलं, डाक्टरला दाखवा, हाडं बघा, हाडावरून वय कळतं म्हणतात. म्हणला, 'कागद नसला तरच हाडं, आजी. कागद असल्यावर हाडं बघत न्हाईत.'

मंग खुर्ची पुढं ओढून हळू बोलला. 'तारीख खोटी दिली असं लेखी द्याल तर गुन्हा तुमच्यावर होईल. सही कुणाची हाय त्या अर्जावर?'

'माझी.'

'दोन-तीन वर्षं कुठं जात न्हाईत मंग. लेखी देऊ नका. घरी जा, पाणी प्या.'

मी म्हणत व्हते कायदे लई झाले. लई झालेच हायेत! पोरीला सोडवायला त्यातला एक बी सापडत न्हाई, मला आत घालायला बराबर सापडतो.

२० मे

मिरचीची रोपं लावली दिवसभर. कंबर गेली.

२२ मे

राजूरला गेले, सर्जेराव मास्तरांकडं. रिटायर झाले, गणपतीच्या रस्त्याला घर बांधलंय, दारात तुळस, पितळी पाटी. चहा पाजला. खारी दिली.

'मास्तर, तुम्ही लिहिलं, मी सही केली. दोघं जाऊन सांगू.'

'काय लिहिलं मी?'

'शिवकन्याची तारीख. विसावं पोर!'

मास्तरनं खारी चहात बुडवली. 'कांताबाई, मला आठवत न्हाई.'

'पोरगी वर्गात मुतली व्हती तुमच्या, ते बी आठवत न्हाई?'

'माझी पेन्शन चालू हाय, कांताबाई.' हे मात्र बराबर आठवलं.

उठले. दारापर्यंत आले मागं. म्हणले, 'मी तेव्हा लिहिलं नसतं तर शाळेतला मास्तर गेला असता. मंग शाळा बी गेली असती. कुठली बारावी आन् कुठलं काय?'

हे बी खरंच हाय, त्याचाच राग येतो. एक नियम सांभाळायला खोटं लिहिलं. आता त्या खोट्याला दुसरा नियम सांभाळून राह्यला. आन् पोरगी दोन्हीच्या मधी.

बसमधी एक बाई म्हणली, मावशी, गणपतीला आल्त्या का? म्हणलं, व्हय, पावला न्हाई.

२३ मे

अनवरीच्या फोनवरून दहा अठ्ठ्याण्णव लावला. पोरांसाठीचा सरकारी नंबर, अंगणवाडीच्या भिंतीवर हाय. मी बोलले, तिनं फोन धरला. फोन ठेवल्यावर म्हणली, 'कानून तो ढेर है आजी. देखते, अपने काम का कोई निकलता क्या.'

२६ मे

जीप आली. जालन्याहून दोन बाया, एक पोलीस, आन् आपला भाऊसाहेब. सगळ्यांना पंचायतीत बोलावलं. बद्रीनाथाला कळलं फोन कुणी केला ते. माझ्याकडं बघितलं बी न्हाई त्यानं, सुनेला म्हणला, 'चला.'

मी सगळं सांगितलं. पाडवा, नाळ, मास्तर, सही. एकीनं भराभर लिहून घेतलं. बरी व्हती, मधीच 'मावशी, सावकाश' म्हणायची. मंग म्हणली, मुलीचा जबाब एकटीचा घेऊ. मला ओट्यावर बसवलं. खिडकी उघडी व्हती.

'शिवकन्या, तुझं वय?'

'एक जूनला अठरा पूर्ण होतात.'

'आजी तर म्हणतात सोळा.'

'आजीला विसर पडतो. ती काहीही बोलते.'

'लग्न तुझ्या मर्जीनं आहे?'

'हो.'

हो म्हणली. व्हय न्हाई. मास्तरला पाठ केलेलं उत्तर द्यावं तसं.

ओट्यावर उन्हाचा चटका बसत व्हता.

बद्रीनाथाकडून लिहून घेतलं, की एक तारीख उलटायच्या आत लगीन लावणार न्हाई. तो कशाला लावतो! दोनच तर धरलीय. जीप गेली. भाऊसाहेब जाता जाता म्हणला, 'आजी, ऊन लई हाय, फिरू नका.'

२७ मे

गावाला नवं काम मिळालं. पिठाच्या गिरणीवर एक टवाळ म्हणला, 'कायदेवाल्या आजी, मला बी बायकोपासून सोडवा!' म्हणलं, तुझ्या बायकोनं अर्ज केला की बघते. हसले सगळे. मी पीठ घेऊन आले. जेवले न्हाई.

बेबीनंदा ताट ठेवून म्हणली, 'आत्याबाई, तुमच्या पायी दारात जीप आली.' तिचं बी खरं हाय.

पोरीचं तोंड बघायची इच्छा न्हाई. विसर पडतो म्हणती!

२९ मे

टँकर आल्ता. सगळी गल्ली पाइपाला लटकली, कुणाचं कुणाला ऐकू येत न्हवतं. शिवी हंडा घेऊन माझ्या मागं येऊन उभी राह्यली. घरात बोलता येत न्हाई, बाप नजर ठेवून हाय.

'आजे, चिडली?'

'मी कोण? मला तर विसर पडतो.'

'पप्पा म्हणले, भाऊसाहेबांनी सांगितलंय. तू आजीचं खरं केलंस तर आजीला बेड्या. तीन वर्षं. आतमधीच मरंल म्हणले.' हंडा पाइपाखाली सरकवला. 'मंग मी काय म्हणायचं व्हतं?'

'मला विचारायचं तरी!'

'आपल्या घरात कुणी कुणाला विचारतं का, आजे?'

तीन दिवस उगाच चिडले पोरीवर. ती मला वाचवून राह्यली. सोळा वर्षांची! मला! ह्या हाडांना!

हंडा भरला. तिनंच उचलला.

३० मे

मांडव पडला. झालर हिरवी आन् पिवळी, अंगाला खाज सुटावी असा रंग. मांडववाल्यानं बी दाखला मागितला, बघितला, खुंट ठोकले.

दुपारी धुणं वाळत घालताना बेबीनंदा जवळ आली. इकडं तिकडं बघितलं. म्हणली, 'आत्याबाई, तुम्हाला कापड कशाला लागतं ते मला ठाऊक हाय. धुणं मीच धुते ना.'

वीस वर्षं झाली तिला ह्या घरात. कधी बोलली न्हाई.

'मंग?' म्हणलं.

'मंग काय.' चिमटा लावला दोरीला. 'मला बी हाय.'

मला तिचं वय मोजावं लागलं मनात. मीच आणली व्हती तिला. मीच बघायला गेल्ते. सतराची व्हती.

'बद्रीनाथाला ठाऊक हाय का?'

'तुमच्या मालकांना व्हतं का?'

दोघींनी मिळून उरलेलं ओलं धुणं वाळत घातलं. मंग ती पातेली घासायला गेली, मी लसूण सोलायला बसले.

३१ मे

बद्रीनाथ म्हणला, माय, दोन दिवस उंबऱ्याबाहेर पाय टाकू नको, हात जोडतो. खरंच जोडले. पहिल्यांदाच बोलला पाच दिवसांत. वाईट न्हाई तो. त्याला वाटतं आठ एकरात पोरगी सुखात राहील.

म्हणलं बरं.

एक जून, पोलीस ठाण्यातलं बाकडं

मी भोकरदनला हाय. बेबीनंदा घरी सांगणार हाय — आत्याबाई बांगड्या आणायला गेल्या. तिनंच पहाटे मागचं दार काढून दिलं, बसच्या तिकिटाचे पैसे माझ्या मुठीत कोंबले.

फौजदाराला म्हणलं, गुन्हा नोंदवा.

'कुणावर?'

'माझ्यावर. शाळेत नातीची जन्मतारीख खोटी दिली. सही माझी हाय.'

म्हणला, आजी, घरी जा. म्हणलं, न्हाई जात. मला आत घालायचं तर आधी ती तारीख खोटी धरावी लागंल. तारीख खोटी धरली की पोरगी सोळाची. आन् मी आतच असले, तर आजीला बेड्या पडतील अशी भीती तिला कोण घालणार?

फौजदारानं टोपी काढून बाजूला ठेवली. मंग कोरा कागद ओढला.

'गुन्हा कबूल?'

'कबूल. जल्दी लिहा साहेब, चार वाजता हळद हाय.'